पेन्या पार्दाची वाट मला पाठ आहे

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

आज ठरवलं. फेब्रुवारीत बायकोबरोबर पेन्या पार्दाला जायचं. दोन मुक्काम, टेंटमध्ये, वर पारामोवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या, थंड माळावर. नुबियाला अजून सांगितलेलं नाही.

झालं असं की दुपारी ती तिच्या ग्रुपबरोबर चालून आली. ग्रुपचं नाव ‘बिनघाई मंडळ’. सगळी निवृत्त माणसं. दर रविवारी हातात काठ्या घेऊन आमच्या दुइतामा गावाच्या आसपासचे डोंगर चढतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नुबियाला चालायला सांगितलं, म्हणून ती त्यांच्यात गेली आणि तिथलीच झाली. आज बूटही न काढता दारातूनच म्हणाली, “परवानगी मिळाली.” पेन्या पार्दाच्या रीजनल पार्कात वरच्या तळ्यापर्यंत मोजक्याच लोकांना सोडतात, तेही कोरड्या महिन्यांत. ते तळं बघायचं म्हणून ती वर्षभर गुडघ्याला बर्फ लावून चालतेय.

मला काही म्हणायचं नाही, पण इतक्या उंचावर, थंडीत, बरोबर एखादा जबाबदार माणूस हवा. ग्रुपची पुढारी एर्मेलिंदाबाई. निवृत्त नर्स. नर्सचं काम वेगळं, डोंगराचं वेगळं. दुसरा लेओनिदास, विधुर, पूर्वी बस चालवायचा. नुबियाच्या बोलण्यात हल्ली लेओनिदासचा थर्मास फार येतो. थर्मासबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तब्येत उत्तम. जन्मापासून डोंगराळ भागात राहतो. दुकानात नळ, बेसिन, कमोड उचलून दंड तयार झालेले आहेत. राहता राहिले पाय.

६ जानेवारी, सोमवार. सुट्टी.

नुबियाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. हात थांबला. “तुम्ही?” म्हणाली.

मी म्हणालो, हो, मीच.

बराच वेळ बटाट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आधी एखाद्या रविवारी आमच्याबरोबर चालून तरी बघा.” आनंद झाला की ती अशी गप्प होते.

११ जानेवारी, शनिवार.

खरेदी. बूट इटालियन पद्धतीचे. दुकानदार म्हणाला, घरात घालून फिरा म्हणजे पायाला बसतील. मी ते खोक्यातच ठेवले आहेत. नवी वस्तू आधीच वापरून जुनी करायची ही आपल्याकडची खोड.

टेंट मिळाला, स्वस्तात. एका माणसाचा आहे असं पिशवीवर लिहिलंय, पण या कंपन्या नेहमी हातचं राखून लिहितात.

दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या मिरेयाला बूट दाखवले. ती म्हणाली, “छान आहेत. कुणाचे?”

१२ जानेवारी, रविवार.

ग्रुपबरोबर चालायला जाणार होतो. पहाटे हवा दमट वाटली. नव्या बुटांना दमट हवा बाधते. नुबिया एकटीच गेली.

१९ जानेवारी, रविवार.

नाही गेलो. थिअरी केली. दिवसभर व्हिडिओ बघितले. एका नॉर्वेच्या माणसाने बर्फात चूल कशी पेटवावी ते दाखवलं. हे ग्रुपमध्ये कुणालाच ठाऊक नसणार.

२६ जानेवारी, रविवार.

आज प्रत्यक्ष चढाई. गावामागच्या क्रूसाच्या टेकडीवर, एकटाच. निम्म्यापर्यंत टॅक्सीने गेलो, कारण मला सराव वरच्या निम्म्याचा करायचा होता. क्रूस अगदी दिसेपर्यंत गेलो. वर रसाची गाडी असते, ती आज खालीच मिळाली, म्हणून तिथे थांबलो.

रात्रीपासून डावी टाच दुखतेय. स्नायू तयार होत असल्याचं लक्षण.

२ फेब्रुवारी, रविवार.

ग्रुपची मीटिंग आमच्याच घरी. नुबियाने मक्याच्या अरेपा आणि गरम चॉकलेट केलं होतं. एर्मेलिंदाबाईने नियम सांगितले. खुणेची वाट सोडायची नाही, बाजूला शेवाळाखाली चिखल असतो. एकट्याने कुठेही जायचं नाही. विस्तव पेटवायचा नाही, फक्त गॅसची शेगडी. फ्राइलेखोनच्या झाडांना हात लावायचा नाही, ती वर्षाला जेमतेम बोटभर वाढतात.

मी मधे मधे भर घातली. चूल, दिशा, शेवाळ उत्तर बाजूला कसं वाढतं, वगैरे. एर्मेलिंदाबाई म्हणाली, “सेन्योर आवेलिनो, पारामोवर शेवाळ सगळीकडेच असतं.” मी म्हणालो, ते इथल्या शेवाळाचं झालं.

सगळे शांतपणे ऐकत होते. नुबिया कपात बघत होती.

जाताना मी त्यांना सांगून टाकलं की काळजी नको, पेन्या पार्दाची वाट मला पाठ आहे. नकाशा भिंतीवर लावलाय. रोज बघतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार. पार्कच्या चौकीपाशी.

पोचलो. बसमध्ये माझ्या सॅकला वेगळी सीट लागली. ग्रुपच्या सॅक छोट्या. हसू आलं. यांना रात्री कळेल.

चौकीवरच्या मुलीने नावं लिहून घेतली. मी तिला वाटेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. तिने “बरं” म्हटलं.

बूट अजून थोडे कडक आहेत. नवीन आहेत.

त्याच दिवशी. तळावर. पाच वाजले असावेत.

पोचलो. सगळ्यांच्या नंतर, कारण कुणीतरी मागे राहून लक्ष ठेवायला हवं होतं. लेओनिदासही मागे राहिला होता. का ते कळलं नाही. मधेच म्हणाला, “जरा तुमची सॅक देता का, माझा खांदा रिकामा रिकामा वाटतोय.” त्याच्या समाधानासाठी दिली. मग परत मागायचं राहून गेलं.

वर सगळं उघडं. पिवळं गवत, वारा, आणि हजारो फ्राइलेखोन, माणसाएवढे उंच, अंगावर लोकरीसारखी पानं. नुबिया त्यांच्यातून चालत होती तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, ती लंगडत नाही. काठी टेकते ती सवयीने. पुढे होती. मधे एकदा थांबून तिने मागे पाहिलं. मी हात केला. तिने माझ्याकडे नाही, खालच्या दरीकडे पाहिलं होतं.

टेंट उभा केला. एका माणसाचाच आहे. नुबिया एर्मेलिंदाबाईच्या टेंटमध्ये झोपणार. तीच म्हणाली, हरकत नाही. आधीच तसं ठरलं असावं, इतक्या पटकन म्हणाली.

डोकं दुखतंय. ऊन लागलं असणार. ऊन नव्हतं, पण वर ते न दिसताही लागतं.

त्याच दिवशी. अंधार पडल्यावर. टेंटमध्ये.

जेवलो नाही. एर्मेलिंदाबाईने गुळाचं गरम पाणी आणून दिलं आणि नाडी बघितली. “उंची लागलीय, पडून राहा,” म्हणाली. मी म्हणालो, मी मुद्दामच लवकर पडतोय, उद्यासाठी.

बाहेर शेगडीभोवती सगळे बसलेत. ऐकू येतं सगळं. नुबिया बोलतेय. इतकी बोलते हे ठाऊक नव्हतं. हसवतेय. घरी असं काही करत नाही.

कुणीतरी म्हणालं, “नुबिया, आज ‘साहेब’ होऊन जाऊ दे.”

ती म्हणाली, “आज नको.”

“झोपलेत ते. हळू कर.”

मग एक पुरुषी खाकरा, दोनदा. आणि नुबियाचाच आवाज, पण जाडा केलेला: “नुबिया, मला काही म्हणायचं नाही, पण खिडकी अशी उघडत नाहीत. खिडकीला आधी अंदाज द्यावा लागतो.”

हसले सगळे. लेओनिदासला ठसका लागला.

“नुबिया, सूप गरम आहे. मला काही म्हणायचं नाही, पण सूप गरम असतं तेव्हा ते गरम आहे असं सांगायची पद्धत असते.”

कुणाची तरी नक्कल होती. चांगली करते. तिच्या शाळेतले एक हेडमास्तर असे होते बहुतेक. खिडक्यांबद्दल बोलायचे.

८ फेब्रुवारी, शनिवार. पहाट.

झोप नाही. हेडमास्तरांच्या घरी नुबिया सूप कशाला करेल.

खाकरा दोनदा. मी दोनदा खाकरतो का, ते आत्ता करून बघितलं. हो.

ठीक आहे. माणसं हसतात. हसू देत. एक निर्णय घेतलाय. सगळे उठायच्या आत वर तळ्यावर जाऊन पोचायचं. शेगडी बरोबर घेतो. नुबिया वर येईल तेव्हा मी तिथे बसलेला असेन आणि हातात तिच्यासाठी गरम कॉफी असेल. काही बोलणार नाही. फक्त कप पुढे करेन. तेवढ्याने काय ते होईल.

एकट्याने जायचं नाही हा नियम नवख्यांसाठी आहे. चिठ्ठी ठेवत नाही, नाहीतर गंमत जाते.

सकाळ.

छान चाललंय. धुकं आहे. धुक्यात वाट जवळ होते असं म्हणतात.

थोड्या वेळाने.

वाट बरोबर आहे. फक्त दिसत नाही. पुढे दोघेजण उभे होते, त्यांना हाक मारून तळ्याचं विचारलं. फ्राइलेखोन होते. एकाशी बराच वेळ बोललो, कारण तो जरा वाकलेला होता.

नंतर.

डावा बूट गेला. पाय शेवाळावर ठेवला, शेवाळ खाली गेलं, पाय वर आला, बूट आला नाही. काठीने ढवळलं. तळ लागत नाही. बूट कडक होता म्हणून निसटला. पायाला बसलेला असता तर निसटला नसता, पण तो वेगळा विषय.

मोजा भिजला. मोजा काढून टाकला. पाय निळा दिसतोय. फ्राइलेखोनची पानं तोडून पायाला गुंडाळली आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पानं खूप लागली. एका झाडाची पुरली नाहीत. कुणी बघितलेलं नाही.

बसलोय. हे थांबणं ठरवून केलेलं आहे.

शेगडी पेटत नाही. गॅसचा डबा तळावरच राहिला. नुबियाची कॉफीची पुडी आहे खिशात. पुडीला कॉफीचा वास येतो.

दुपार असावी.

हाका ऐकू आल्या. “आवेलिनो.” खूप लांबून. नुबियाच होती. उत्तर दिलं नाही लगेच. कप तयार नव्हता.

मग दिलं. तेव्हा हाका दुसऱ्या बाजूला गेल्या होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार. घरी.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

काल दुपारनंतर ते सापडले. म्हणजे मी सापडलो. तळापासून फार लांब नव्हतो. गोल फिरून तळाच्याच मागे येऊन बसलो होतो, मधे फक्त एक उंचवटा होता. त्यांचे टेंट मला दिसायला हवे होते.

पहिली एर्मेलिंदाबाई आली, मग लेओनिदास, मग त्याच्या खांद्यावर हात टाकून नुबिया. कमरेपर्यंत चिखल. उजवा पाय टेकत नव्हती. ऑपरेशनचा तोच. मला शोधायला वाट सोडून आत गेली, आणि शेवाळात गुडघा पिरगळला.

त्या वेळी मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी उठलो. खाकरलो. म्हणालो, “मला काही म्हणायचं नाही, पण मी तुम्हालाच शोधत होतो.”

कुणीही हसलं नाही.

परवा रात्री टेंटमध्ये पडल्या पडल्या ते हसणं ऐकलं तेव्हा वाटलं होतं याच्याइतकं वाईट काही नाही. ते हसले नाहीत तेव्हा कळलं.

नुबियाने माझ्या पायाकडे पाहिलं. पिशवीतून पानं बाहेर आलेली होती. एर्मेलिंदाबाईनेही पाहिलं. तिने वाकून पिशवी सोडवली, पानं एकेक करून बाजूला ठेवली, पाय आपल्या अंगावरच्या लोकरी रुआनाच्या टोकाने पुसला आणि चोळायला घेतला. नियम काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. लेओनिदासने सॅकमधून कोरडे मोजे काढले आणि स्वतःच्या हाताने मला घातले. मी म्हणालो, मी घालतो. बोटं वाकत नव्हती.

तळं तिथून वर, सरळ वाटेने, सकाळभराचं. काल कुणीच गेलं नाही. सकाळ मला शोधण्यात गेली. दुपारी नुबियाला खाली न्यायचं होतं. एकाने हळूच विचारलं, “निम्मे जण वर जाऊन आलो तर?” नुबियाच म्हणाली, “जा ना तुम्ही.” तरी कुणी गेलं नाही.

उतरताना दोघे दोघे तिला आळीपाळीने धरत होते. मीही पुढे झालो. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, “तुम्ही तुमचा पाय बघा.” रागाने नाही. दमून.

मग मी मागे चाललो. एका पायात इटालियन पद्धतीचा बूट, दुसऱ्यात लेओनिदासचा मोजा आणि पिशवी. या वेळी खरोखरच कुणावर लक्ष ठेवत नव्हतो.

चौकीवरच्या मुलीने सगळी नावं तपासली, माझ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हेच का?” एर्मेलिंदाबाई म्हणाली, “हो. मिळाले.”

११ फेब्रुवारी, मंगळवार.

डॉक्टर म्हणाले, नुबियाचं ऑपरेशन शाबूत आहे, फक्त सूज. सूज उतरेपर्यंत जिना नाही. मी दुकानातून दोन टॉवेल-रॉड आणून जिन्याला धरायला लावतो म्हणालो. तिने डोळे मिटून घेतले.

स्वयंपाक मी करतोय. सूप गरम होतं. काही न बोलता ठेवलं. तिची जीभ भाजली.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

मोजे धुतले. मिरेयाबरोबर पाठवणार होतो. तिने विचारलं, “कुणाचे?” हा प्रश्न तिला एवढा का आवडतो कळत नाही. स्वतःच गेलो.

लेओनिदासच्या घरावरून पुढे गेलो, परत आलो, पुन्हा पुढे गेलो. तो खिडकीतूनच म्हणाला, “या आत, दार उघडंच आहे.”

मोजे दिले, बरोबर एक चांगला नळ दिला, क्रोमचा. म्हणाला, “नळ कशाला?” मी म्हणालो, असाच. त्याने कॉफी दिली. थर्मासमधूनच. चांगली होती.

मी विचारलं, नुबिया रागावलीय का ग्रुपवर, तळं राहिलं म्हणून. प्रश्न असा उलटा विचारला, कारण सरळ विचारता येईना.

त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, “सकाळी टेंट रिकामा दिसला ना, ती बूटही न बांधता पळाली होती. आम्ही धरलं. सकाळभर तुमचं नाव घेऊन ओरडत होती. शेवटी आवाज बसला, मग शिट्टी वाजवायला लागली. मी म्हटलं, बाई, बसा थोडं. तर म्हणते कशी, तो उत्तर देणार नाही. तो कसा आहे मला माहीत आहे. हरवलोय असं तो कधी म्हणणार नाही. आपणच जवळ जायला हवं.”

कप रिकामा झाला होता तरी मी प्यायल्यासारखं करत राहिलो.

मी ऐकली होती हाक. हे त्याला सांगितलं नाही. नुबियालाही नाही. इथे लिहिलंय तेवढंच.

२ मार्च, रविवार.

एर्मेलिंदाबाई आली होती. पाऊस लागायच्या आत आणखी एक परवानगी मिळालीय. पुढच्या शुक्रवारी निघायचं. नुबियाने गुडघा वाकवून दाखवला. दोघी स्वयंपाकघरात हळू बोलत होत्या. मग एर्मेलिंदाबाई बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “सेन्योर आवेलिनो, एप्रिलमध्ये आम्ही नदीकाठच्या रस्त्याने चालणार आहोत. सपाट आहे. तुम्ही या.”

मी म्हणालो, बघतो, एप्रिलमध्ये स्टॉक येतो.

नुबियाला मी विचारलं नाही. तिने मला विचारलं नाही. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी भांडी घासली, एवढं नेहमीपेक्षा वेगळं.

७ मार्च, शुक्रवार. पहाट.

बसपर्यंत तिची सॅक मी नेली. हलकी आहे. चीज, पेरूची वडी, रुआना आणि बाकी काहीच नाही वाटतं. सगळ्यांनी मला “गुड मॉर्निंग” केलं, नीट, एकेकाने. बस निघाली तेव्हा नुबिया खिडकीशी होती. तिने खिडकी उघडली. कशीही उघडली. मी काही बोललो नाही.

परत येताना घरापर्यंत चालत आलो. चढावर दोनदा थांबलो. दम लागला होता म्हणून थांबलो.

९ मार्च, रविवार. संध्याकाळ.

आली. गुडघा ठीक. बूट दारात काढले, सोफ्यावर बसली, पाय वर घेतले. चेहरा उन्हाने लाल आणि ओठ फुटलेले. इतकी बरी दिसत होती की मला विचारायला धीर होईना.

तिनेच फोन पुढे केला. फोटो. पहिला पांढरा. दुसराही. तिसऱ्यात कोपऱ्यात लेओनिदासचं कोपर, बाकी पांढरं.

“हे तळं,” ती म्हणाली.

“कुठे?”

“या पांढऱ्याच्या खाली. काही दिसलं नाही. काठावर बसलो, पाण्याचा आवाज ऐकला, डबे खाल्ले, उतरलो.” आणि हसली. स्वतःशीच. तळं दिसलं नाही याचं तिला काहीच वाटलेलं नव्हतं. माझ्यासाठी नव्हतं ते हसू, पण समोर मी होतो म्हणून मला बघायला मिळालं.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार झालं होतं. मी ते गिळलं. खरोखर गिळलं, आणि कॉफी करायला उठलो. आयुष्यात प्रथमच असं केलं असेल. ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे असं तेव्हाच मनात आलं.

कप तिच्या हातात दिला. तिने घोट घेतला. माझ्याकडे बघितलं.

“बोला,” म्हणाली. “काय बोलायचं होतं ते बोलून टाका.”

काही नाही, म्हणालो.

“आवेलिनो. बोला.”

मग बोललो. पहाटे लवकर निघायला हवं होतं, म्हणालो. उन्हं चढायच्या आधी धुकं नसतं.

तिने कप खाली ठेवला आणि आंघोळीला गेली. कॉफी निम्मी उरली होती.

बाथरूममधून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी फोनमधले ते फोटो पुन्हा एकदा नीट बघितले. तळं कुठे असेल याचा अंदाज येईना.